मांडीवरचे लेकरू वाढले, आता सीट कोणती?

आपल्या वस्तीत पूर्वी चारचाकी शिरली की पोरे तिच्या मागे धावायची. आता पिंप्राळ्यात, हुडकोच्या गल्ल्यांत एखादी जुनी अल्टो नाहीतर व्हॅगन-आर उभी असते आणि तिचे कोणाला अप्रूप राहिलेले नाही. गाडीचा मालक कोणी एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात कामाला, कोणी दालमिलमध्ये, कोणी रोज भुसावळला रेल्वेत जाणारा. गाडी दुसऱ्याच्या हातची, कर्ज काढून घेतलेली. कोणाची गाडी दिवसभर भाड्याने फिरते आणि रविवारी घरच्यांना घेऊन सासुरवाडीला जाते. घेतल्या घेतल्या तिला टेप बसतो, चकचकीत सीटकव्हर बसते. लेकराची सीट मात्र बहुतेक गाड्यांत नसते. जिथे असते तिथे ती पहिली, टोपलीसारखी, पुण्या-मुंबईच्या कोणा नातेवाइकाने बारशाला दिलेली असते. लेकरू वर्षाचे झाले, त्याचे पाय टोपलीबाहेर आले, की ती माळ्यावर जाते आणि लेकरू येते आईच्या मांडीवर.

नेमक्या या घडीबद्दल आज लिहायचे आहे. पहिली सीट लहान पडली असे वाटते आहे, लेकरू दुडुदुडू चालते आहे, एका जागी बसत नाही. अशा वेळी पुढची सीट कोणती घ्यावी, केव्हा घ्यावी, आणि आपल्या ऐपतीत ती कशी बसवावी?

त्याआधी मांडीचा निकाल लावू. कारण सीट न घेण्याचे खरे कारण दर वेळी पैसा नसतो. खरे कारण असते, "मी घट्ट धरीन की!" कोणती आई धरणार नाही? पण हिशोब करून पाहा. गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे आणि समोर काही आडवे येऊन ती आदळली. इतका वेग एका सेकंदाच्या दहाव्या भागात शून्यावर येतो. तेवढ्या क्षणात ११ किलोच्या लेकराला धरून ठेवायला लागणारी ताकद सरासरी दीडशे किलोच्या ओझ्याएवढी होते, म्हणजे दीड क्विंटल. मार्केट यार्डात हमाली केलेल्या माणसाला विचारा, दीड क्विंटल दोन हातांवर अचानक आले तर काय होते. ५० च्या वेगाची धडक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणे. आणि आईनेच पट्टा लावलेला नसेल तर तिचे स्वतःचे वजन लेकरावर जाऊन चिरडते.

अमेरिकेत हा धडा एका राज्याने कायदा करताना घेतला. टेनेसी राज्यात रॉबर्ट सँडर्स नावाच्या बालरोगतज्ज्ञाने खटपट करून लहान मुलांना गाडीत सीटवर बांधण्याचा कायदा करून घेतला. तो १९७८ पासून लागू झाला. अमेरिकेत अशा कायद्याची ती सुरुवात होती. पण आमदारांनी त्यात एक पळवाट ठेवली. मूल मोठ्या माणसाच्या हातात असेल तर सीट नसली तरी चालेल! सँडर्स आणि त्यांचे सहकारी या कलमाला 'मुले चिरडणारी दुरुस्ती' म्हणत. ती काढून टाकायला १९८१ साल उजाडले. मांडीचा मोह आपल्याच लोकांना आहे असे नाही.

मागच्या सीटवर काही होत नाही, हा दुसरा समज. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची महागडी, भक्कम गाडी कठड्याला धडकली. पुढचे दोघे पट्टा लावून होते, ते जबर जखमी झाले पण वाचले. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, दोघेही गेले. एवढ्या किमतीची गाडीसुद्धा मोकळ्या माणसाला वाचवू शकली नाही, मग आपल्या जुन्या गाडीचे काय सांगावे?

इथे आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट आठवते. १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीच्या कामासाठी धुळ्याकडे आले होते. परतताना चाळीसगावला थांबले. टांगेवाल्यांनी महार उतारूला बसवून टांगा हाकायला नकार दिला. टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. पाहुण्याने पायी यावे हे बरे दिसणार नाही, म्हणून वस्तीतल्याच एकाने लगाम धरला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीत चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला, आणि घोड्यासकट टांगा नदीत गेला. अपघाताचे मूळ अस्पृश्यतेत होते हे तर उघड आहे. पण बाबासाहेबांनी आपल्या आठवणीत आपल्या माणसांबद्दलही एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. पाहुण्याचा मान राखण्याच्या भरात त्याच्या जिवाची काळजी मागे पडली, असे त्यांनी म्हटले आहे. आज आपल्या घरी नातवंड प्रत्येकाच्या मांडीवर फिरते, कारण नाही म्हटले तर आजोबांचा, आत्याचा मान दुखावतो. मान घरी पोहोचल्यावर देता येतो.

पाय मोडत नाहीत, मानेचे पाहा

आता सीटकडे. पहिली टोपली मागे तोंड करून बसवलेली असते, म्हणजे लेकराची पाठ गाडीच्या तोंडाकडे. घरोघरी पहिली घाई असते ती लेकराला पुढे तोंड करून बसवण्याची. "आई, अजून नको," सून म्हणते. "अगं, पाय अखडतील त्याचे. आणि त्याला काय दिसतं तिकडून? आम्ही काय सीटवर वाढवली का पोरं?" सासूबाईंचे हे तिन्ही प्रश्न खोटे नाहीत. फक्त उत्तरे समजून घेतली पाहिजेत.

लहान लेकराचे डोके अंगाच्या मानाने फार मोठे असते. जन्मतः उंचीचा चौथा भाग डोक्याचाच असतो, मोठ्या माणसात तो साधारण आठवा भाग. आणि मानेचे मणके अजून पुरते हाड झालेले नसतात, बराच भाग कूर्चेचा असतो. पुढे तोंड करून बसलेल्या लेकराची गाडी आदळली तर पट्टे धड धरून ठेवतात, पण ते जड डोके पुढे फेकले जाते आणि सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोके, मान, पाठ एकदम सीटच्या पाठीत दाबली जातात आणि तो धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो. ही कल्पना १९६० च्या दशकात स्वीडनमधल्या बर्टिल आल्डमन या डॉक्टर-प्राध्यापकाने पुढे आणली. अंतराळवीर यानात पाठीवर रेलून बसतात आणि उड्डाणाचा दाब पाठीवर घेतात, हे पाहून. स्वीडनमध्ये आजही तीन-चार वर्षांची मुले मागे तोंड करून बसलेली दिसतात. पाय त्यांचे दुमडलेलेच असतात. लेकराला मांडी घालून बसायला काही वाटत नाही, आपल्याला वाटते. त्याला खिडकी दिसते, मागची काच दिसते. आणि सासूबाईंनी पोरे वाढवली ती बैलगाडीच्या नाहीतर एसटीच्या वेगावर. आज हायवेवर कंटेनरच्या शेजारून आपली छोटी गाडी ८० ने जाते.

म्हणून पुढच्या सीटबद्दल एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल. वाढदिवस पाहून सीट बदलू नका. वजन आणि उंची पाहा, आणि जितके दिवस मागे तोंड करून बसवता येईल तितके बसवा.

मोजमाप घरात नाही असे म्हणू नका. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते, उंची होते, आणि कार्डावर लिहून मिळते. ते कार्ड फक्त पोषण आहारापुरते नाही, सीटच्या दुकानातही ते घेऊन जावे. पहिल्या टोपलीची मर्यादा बहुधा १३ किलोपर्यंत असते. अंगणवाडीत जागतिक आरोग्य संघटनेचा जो तक्ता वापरतात त्यात दोन वर्षांच्या मुलाचे मधले वजन १२ किलोच्या आसपास आणि मुलीचे साडेअकरा किलोच्या आसपास आहे. म्हणजे वर्षाचे लेकरू वजनाने बहुधा टोपलीत मावतेच. उंचीनेच ती आधी पुरी पडेनाशी होते. खूण काय? पाय बाहेर आले ही खूण नाही. डोके सीटच्या पाठीच्या वरच्या कडेपर्यंत पोहोचले, किंवा खांद्याचे पट्टे सर्वात वरच्या खाचेत घालूनही खांद्याच्या बरेच खाली पडू लागले, तर सीट संपली. तोवर माळ्यावर टाकू नका.

युरोपात नव्या नियमाच्या (आर १२९) सीटवर १५ महिन्यांच्या आत लेकराला पुढे तोंड करून बसवायला बंदीच आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ मध्ये दोन वर्षांची जुनी मर्यादाही काढून टाकली आणि सांगितले की सीटच्या मापात मावते तोवर मागेच तोंड असू द्या.

एकदाच पैसे घालायचे तर

दुकानात गेले की दुकानदार एक सीट हमखास पुढे करतो, ९ ते ३६ किलोची. "भाऊ, एकदाच घ्या, पोरगं सहावीत जाईपर्यंत बघायला नको." हिशोब गोड वाटतो. पण अशा बहुतेक सीट फक्त पुढे तोंड करून बसतात. वर्षाच्या लेकराला ही घेतली की त्याला मागे तोंड करून बसवण्याचा मार्गच बंद. शिवाय जी वस्तू वर्षाच्या आणि अकरा वर्षांच्या, दोघांनाही बसावी म्हणून बनवली, ती लहानाला सैल पडते.

आपल्यासारख्या घराला, जिथे टोपलीनंतर एकदाच खर्च झेपणार आहे, ० ते १८ किलोची दोन्हीकडे तोंड करता येणारी सीट जास्त शहाणपणाची, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी मागे, नंतर तीच फिरवून पुढे. पाच वर्षांच्या मुलाचे मधले वजन १८ किलोच्या थोडे वर असते, म्हणजे सीट चार वर्षांपर्यंत सहज जाते. साधारण चार-पाच हजारांपासून अशा सीट मिळतात. घेताना लेबलावर एक गोष्ट जरूर वाचा की मागे तोंड किती किलोपर्यंत चालते. काहींत १३ पर्यंतच, काहींत पूर्ण १८ पर्यंत. भाव सारखा असेल तर दुसरी घ्या. त्यानंतरची बूस्टर सीट, जिच्यावर मोठ्यांचाच पट्टा लेकराच्या खांद्यावरून आणि मांड्यांवरून नीट येतो, ती १५ किलोच्या खाली अजिबात नको, आणि चार वर्षांआधी तिची घाईही नको. कमरेची हाडे पुरती भरेपर्यंत मोठ्यांचा पट्टा सरकून पोटावर चढतो.

लेबलाशिवाय सीट नको. आपल्या देशाचे मानक एआयएस ०७२. परदेशी सीटवर नारिंगी लेबल आणि वर्तुळात 'ई' हे अक्षर असते, त्याखाली नंबर. जुन्या नियमातली असेल तर ४४ च्या पुढे ०४ पाहिजे, किमान ०३. बाजारात आणि ऑनलाइन पाचशे-हजाराला कापडी गादीला पट्टे शिवलेली 'कार सीट' मिळते. ती सीट नाही. तिला कसले लेबल नसते, धडकेत ती काही धरून ठेवत नाही. त्या पैशात लेकराला चप्पल घ्या.

दुसऱ्याने वापरलेली सीट चालते का? चालते, पण ओळखीच्या घरची. ती कधी अपघातात सापडलेली नाही हे ज्याच्या तोंडून खात्रीने ऐकता येईल, अशाच माणसाकडून. धडक बसलेल्या सीटचे प्लॅस्टिक आतून तडकते, वरून दिसत नाही. सीटच्या पाठीवर किंवा तळाशी बनवल्याची तारीख छापलेली असते, कुठे कुठे मुदतही. जळगावच्या उन्हात काचबंद गाडीत वर्षानुवर्षे तापलेले प्लॅस्टिक कसे होते ते गच्चीवरची पाण्याची टाकी पाहिली तर कळेल. लेबल खरवडलेले, एखादा पट्टा बदललेला, माहितीपुस्तिका नाही, अशी सीट फुकट मिळाली तरी नको.

जुन्या गाडीचा खरा प्रश्न

नव्या गाड्यांत मागच्या सीटच्या फटीत लोखंडी कड्या असतात, त्यांना आयसोफिक्स म्हणतात. सीट त्यात खटकन बसते. आपल्या जुन्या गाडीत त्या नसतात, म्हणून सीट घ्यायचीच नाही असे नाही. पट्ट्याने बसणारी सीट नीट बसवली तर तितकीच काम देते. पण पट्टा तीन ठिकाणी बांधलेला, म्हणजे खांद्यावरून आणि कमरेवरून येणारा हवा. हा पट्टा व्होल्वो कंपनीच्या नील्स बोलिन या इंजिनिअरने १९५९ मध्ये तयार केला आणि कंपनीने तो सगळ्यांना वापरू दिला. काही जुन्या गाड्यांत मागे नुसता कमरेचा पट्टा असतो, आणि त्यावर बऱ्याच सीट बसतच नाहीत. म्हणून सीट घ्यायला जाताना गाडी घेऊन जा. पैसे देण्याआधी दुकानासमोर गाडीत बसवून पाहा. मागे तोंड करून बसवताना पट्टा लांब लागतो, तो कधी कधी एक-दोन बोटे कमी पडतो. पुढच्या सीटवर बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला लागतात का तेही तिथेच कळते.

बसवल्यावर, जिथून पट्टा गेला आहे तिथे सीट धरून हलवा. एका इंचापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा गुडघा रोवून पट्टा ओढा. लेकराच्या अंगावरचे पट्टे चिमटीत येता कामा नयेत. मागे तोंड असेल तर पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून, पुढे तोंड असेल तर खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून. जानेवारीत जाड स्वेटर घालून पट्टे बांधू नका, ते फुगीर राहतात. आधी पट्टे बांधा, मग वरून गोधडी पांघरा.

ज्यांची गाडी भाड्याने जाते त्यांची अडचण वेगळी. सीट रोज काढायची, रोज बसवायची. चूक होते ती इथेच, रात्री उशिरा, थकून आल्यावर. अशा घरी हलकी, पट्ट्याची सीट घ्यावी आणि ती बसवण्याचे काम घरातल्या एकाच माणसाकडे ठेवावे.

गाडीत पुढे एअरबॅग असेल, आणि २०२१ नंतर बनलेल्या गाड्यांत चालकाशेजारीही ती असतेच, तर मागे तोंड असलेली सीट पुढे कधीही ठेवू नका. फुगलेली एअरबॅग सीटच्या पाठीवर, म्हणजे लेकराच्या डोक्यामागे आदळते. लेकराची जागा मागेच.

कायद्याचे एका वाक्यात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९४-बी कलम आले, त्यानुसार १४ वर्षांखालचे मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटने बांधलेले नसेल तर १,००० रुपये दंड आहे.

लग्नाला, दीक्षाभूमीला आपण गाडी ठरवून जातो तेव्हा घरची सीट सोबत घ्यावी. ठरवलेल्या गाडीत मागचे बकल बहुधा सीटकव्हरखाली गाडलेले असतात. निघण्याच्या दिवशी पहाटे नव्हे, गाडी ठरवतानाच ड्रायव्हरला सांगावे, "दादा, मागचे पट्टे वर काढून ठेवा." आणि सात जणांच्या गाडीत अकरा बसणार असतील तर सीटचा प्रश्नच उरत नाही. तेव्हा लेकराला घेऊन रेल्वेने गेलेले बरे.

ज्यांच्याकडे मोटारसायकलच आहे, आणि आपल्यात तेच जास्त, त्यांच्यासाठीही नियम झाला आहे. तो १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. ९ महिने ते ४ वर्षांच्या लेकराला चालवणाऱ्याच्या अंगाशी बांधणारा पट्ट्यांचा जाकीटवजा हार्नेस, त्याच्या डोक्याच्या मापाचे हेल्मेट, आणि वेग ४० च्या आत. हा हार्नेस ३० किलोपर्यंतचे वजन पेलणारा असावा लागतो. तो लेकराला पडण्यापासून वाचवतो, धडकेत सीटसारखे काम तो करू शकत नाही. तरीही ओढणीने बांधण्यापेक्षा शंभर पटीने बरा. टाकीवर पुढे बसवण्याची सवय मोडाच. ब्रेक लागला की हँडल थेट लेकराच्या छातीत जाते.

आता उन्हाळ्याचे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. उभ्या गाडीत सीटचे धातूचे बकल इतके तापते की लेकराच्या मांडीला चटका बसतो, आणि एकदा चटका बसला की लेकरू पुन्हा सीटवर बसायला तयार होत नाही. गाडी उभी करताना सीटवर जाड पांढरे फडके टाकून ठेवा. बसवण्याआधी बकलला स्वतःचा हात लावून पाहा. आणि पाच मिनिटांचे काम आहे म्हणून लेकराला बंद गाडीत सीटवर झोपलेले सोडून दुकानात जाऊ नका, काच थोडी खाली केली असली तरी.